दारात पाणी असलेला महाल

चित्र वाचायला शाळा लागत नाही, डोळे लागतात, असं खतीजाबीचं ठाम मत होतं. ती स्वतः दुसरीपर्यंत शिकली होती, आणि तीही मास्तरांवर उपकार म्हणून. त्यामुळे मुलाने, नावेदने, मस्कतहून पाठवलेलं खाटेएवढं चित्र तिने पेणच्या घरात पाहुण्यांच्या अगदी नाकासमोर टांगलं. लाल दगडाची अवाढव्य इमारत, वर पांढरा घुमट, आणि बागेतून सरळ दारापर्यंत आलेलं पाणी.

पाहुणे रोह्याचे. तिच्या नातीला, अफशाला, बघायला आले होते. बघायचं म्हणजे नावालाच. नवरा मुलगा फैजल डोलवीच्या कंपनीत होता आणि अफशाने त्याला केव्हाच बघून ठेवलं होतं. होकार तेवढा त्याच्या आजीचा, रुकय्याबीचा बाकी होता. आणि ती बाई घराणं तपासल्याशिवाय चहालाही तोंड लावत नसे.

म्हणून खतीजाबीने चित्राकडे हात केला. हा आमच्या पूर्वजांचा महाल! खाडी बघा कशी थेट उंबऱ्याशी. धरमतरच्या बंदराला लागतात तशी भाताची गलबतं दारात लागायची. वरच्या त्या कमानीत आमची खापरपणजी वारा खात बसायची.

खाडीकाठच्या माणसाला दारात पाणी दिसलं की बोटीचा धक्काच दिसतो. रुकय्याबीही खाडीकाठचीच. तिने चष्मा पुसला, निरखून पाहिलं आणि गलबतं आपल्या आजोबांची असल्याचं जाहीर केलं. महालही अर्थात त्यांचाच.

“तुमची खापरपणजी आमच्याकडं भात कांडायला येत असल,” ती म्हणाली. “बसली असल घडीभर.”

खतीजाबीचा चेहरा मिरचीपुडीच्या डब्यासारखा झाला. पुढची पंधरा मिनिटं तिने रोह्याच्या वाट्याला घुमटाची सावलीसुद्धा येऊ दिली नाही. शेवटी रुकय्याबी उठली आणि तिने चपला मागितल्या. फैजल तिची एक चप्पल पाठीमागे लपवून भिंतीला टेकून उभा राहिला. अफशा भरल्या डोळ्यांनी सरबताचा ट्रे पुन्हा फिरवू लागली. कुणी पेला उचलला नाही.

“थांबा. ज्यानं धाडलंय त्यालाच विचारू,” म्हणत खतीजाबीने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल चित्रासमोर धरला. “नावेद, ह्या कमानीतल्या खोलीत कोण राहायचं ते सांग ह्यांना.”

“राहतंय कोण, अम्मा? मकबरा हाय तो, दिल्लीच्या बादशहाचा. त्या कमानीमागं नुसत्या कबरी हायत.”



खतीजाबीने मोबाइल हळूच पालथा ठेवला. “रुकय्याबी, मी उगाच तोंड चालवलं. तुम्ही वयानं मोठ्या. जागा तुमचीच.”

“नाय गो, असं कसं? मान तुझा. आधी तू.”

तुमचीच, नाय तुझीच, असं बराच वेळ चाललं. ओटीवरच्या पुरुषांना आत एवढा गोडवा ऐकू आला तेव्हा त्यांनी सोयरीक जुळली असं समजून खजूर वाटले. एक रुकय्याबीच्याही तोंडात गेला, आणि खजूर चघळत नकार काही देता येईना.

लग्नाची तारीख ठरली. चित्राचं मात्र अजून ठरत नाही. खतीजाबी म्हणते, अफशाच्या सामानासोबत ते रोह्याला जाऊ दे. रुकय्याबीचा निरोप आलाय, माहेरची वस्तू माहेरातच राहू दे.