पुढच्या सीटवरचं हाड

आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, रस्ता सोडून धावणाऱ्या दोन गाड्या आदळल्या, तर आतल्या माणसांची इजा लगेच कुणाला लागत नाही. पंचनामा होईपर्यंत ती गाडीतच थांबते. डांबरी रस्त्यावर ही सोय नाही. तिथं ज्याचं त्याला, आणि ताबडतोब.

मी इथला पोलीसपाटील. इजावाटप माझ्याकडे असतं. गेल्या माघात कुलदेवाला पहिली लग्नपत्रिका ठेवायला निघालेली एक जीप पर्यटकांच्या जीपवर जाऊन आदळली. पर्यटकांनी आपला मुरगळलेला घोटा चिठ्ठ्या टाकून एकाच्या नावावर केला आणि ते गेले. लग्नघरच्या जीपमध्ये थोडा मुकामार निघाला, तो ड्रायव्हरनं मुकाट्यानं उचलला. उरलं पुढच्या सीटवरचं मोडलेलं हाड, गळ्याखालचं, उजव्या बाजूचं.

इजा सीटच्या मालकाची, असा नियम आहे. सीट होती मुलीचे वडील रघुनाथ धनावडे यांची. पण पुढं बसायचा मान व्याह्यांचा, म्हणून त्यांनी मुलाचे वडील आनंदराव जगदाळे यांना हाताला धरून तिथं बसवलं आणि स्वतः मागं गेले. मानानं दिलेली सीट कुणाची, याबद्दल माझ्या वहीत काही नाही.

“मान एकदा दिला तो दिला, पाटील,” धनावडे म्हणाले. “परत घेणं शोभत नाही. हाड व्याह्यांचंच.”

“असं कसं? मी पाहुणा माणूस,” जगदाळे हात जोडून म्हणाले. “मूळ जागा तुमची. तुमच्या वस्तूला आम्ही हात लावायचा नाही.”

तीन दिवस हेच चाललं होतं. ‘आधी तुम्ही’ म्हणणारी माणसं मी पंगतीत पुष्कळ पाहिली, पण इतकी चिवट नाही. मला दोघांचाही राग आला होता. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत ठरलं नाही, तर इजा गाडीतल्या सगळ्यात लहान माणसाला जाते, आणि सगळ्यात लहान होती नवरी, केतकी.

“रविवारी माझी तिरंदाजीची निवड आहे,” केतकी बापाला म्हणाली. “चार वर्षं घासलीत मी. मोडक्या हाडानं धनुष्य ओढू कशी?”

बापानं चहाच्या कपात पाहिलं. सासऱ्यांनीही आपल्या कपात पाहिलं. ऊन माझ्या ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं होतं.

“माझ्या नावावर लिहा ते,” मुलाची आई मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या जीपमध्ये अगदी मागं, फळांच्या करंड्या धरून बसल्या होत्या. “मागून घेतलेलं चालतं का?”

“चालतं. आजवर कुणी मागितलं नव्हतं, एवढंच.”

“अगं, पण घरचं सगळं?” जगदाळे म्हणाले.

“बघा तुम्ही.”

त्यांनी सही केली, तेव्हा बारीकसा आवाज झाला. त्यांनी ओठ आवळले आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “बसलं.” केतकी त्यांना बिलगायला गेली आणि मध्येच थांबली, कारण कुठं धरावं ते तिला कळेना.

केतकीची निवड झाली. लग्नही झालं, विहीणबाईंनी अक्षता डाव्या हातानं टाकल्या.

दीड महिन्यानं मंदाकिनीबाई हात झोळीत घालून माझ्याकडे आल्या. चेहरा भरला होता.

“डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं.”

“चांगलं झालं की. इजा वहीतून कमी करतो.”

“तेच नको. मुदत वाढवून मिळते का?” त्या खुर्चीत टेकून बसल्या. “इजा नावावर असली की कामाला हात लावू देत नाहीत ना. तीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी आयता चहा मिळतोय. हे भाकरी थापतात. कडा फाटतात, पण थापतात.”

मला फार बरं वाटलं. मी वही पुढून मागून चाळली. मनाई कुठं नव्हती.

“कधीपर्यंत लिहू?”

“तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

मी दिवाळीपर्यंत लिहिलं. मंदाकिनीबाईंनी उजवा हात काढून ठसठशीत सही केली आणि तो पुन्हा झोळीत घातला.