वेळापत्रकाची कल्पना कोणाची?

बसच्या वेळापत्रकांचा गोंधळ एकदाचा थांबला आणि साहेबांनी फर्मान काढलं, "उद्या सगळ्यांसमोर कौतुक करायचंय. ही कल्पना ज्याची, त्याचं एकच नाव द्या."

कल्पना फंक्शनल प्रोग्रामिंग या कोड लिहिण्याच्या पद्धतीतली, पण साधी होती. जुनं वेळापत्रक खोडायचं नाही. त्याला हात न लावता त्यावरून नवं तयार करायचं. त्यामुळे एकाने बदललं आणि दुसऱ्याचं बिघडलं, हा प्रकारच संपला.

ऑफिसातल्या नव्या इंजिनिअर मुलीने बेधडक स्वतःचं नाव लिहिलं. शेजारच्या टेबलावरून गुरुजी ताडकन उठले. सगळ्यांना सगळं समजावून सांगायच्या सवयीमुळे या सीनियरला हे नाव पडलं होतं.

"अगं, तुला हे शिकवलं कोणी?"

"तुम्हीच. पण तुम्हाला कोणी शिकवलं?"

गुरुजींच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्यांनी आपल्याला हे शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या मॅडमना फोन लावला.

"माझं कसलं नाव घालताय?" मॅडम हसल्या. "मी एका जुन्या संशोधन-लेखात वाचलं होतं. त्या लेखकानेही शेवटी गणितवाल्यांचेच आभार मानले होते."

गणितवाली तर घरातच होती. गुरुजींची बायको शाळेत सातवीला गणित शिकवायची. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी तिला सगळं रंगवून सांगितलं.

"म्हणजे एकदा क्ष पाच म्हटला, की गणित संपेपर्यंत पाचच?"

"अगदी बरोबर!"

"मग इतकी वर्षं तुम्ही लोक काय करत होतात?"

"क्षमध्ये एक मिळवायचो, आणि येईल त्यालाच पुन्हा क्ष म्हणायचो."

बायकोने कप खाली ठेवला. "आमच्याकडे याला शून्य मार्क देतात हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आणि नवी मुलगी पुन्हा कागदावर झुकले. दोन्ही नावं द्यायची, इथपर्यंत जमलं होतं. आधी कोणाचं, यावर घोडं अडलं होतं. तेवढ्यात साहेब तणतणत आत आले.

"जुन्या वेळापत्रकांनी सर्व्हर गच्च भरलाय! पडद्यावर एकही बस दिसत नाहीये! कोणाच्या डोक्यातून निघाली ही कल्पना?"

गुरुजींनी घसा खाकरला. "फार जुनी आहे, साहेब. कॉम्प्युटरच्याही आधीची."

"आणि हे सगळं," नवी आदराने म्हणाली, "गुरुजींनी एकट्यांनी शोधून काढलं."