मुलीकडची माणसं

आपल्याकडची वस्तू अस्सल नाही, हे छाती पुढे काढून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या घरातले तारोभाई. आयर्लंडमधल्या आमच्या ड्रोहेडात गणपतीची आरती असो, कुणाचं बारसं असो नाहीतर शाळेचा स्पोर्ट्स डे असो, तारोभाई डोक्यावर वेताची टोपी घालून हजर. आणि त्या टोपीवर धनेश पक्ष्याची भलीमोठी पिवळी चोच. इथल्या लोकांना पक्ष्यांचा भारी कळवळा. कुणाची भुवई वर जायच्या आत तारोभाई चोचीवर टकटक करतात.

"फायबर! ओरिजिनल नहीं है!"

मग टोपी काढून समोरच्याच्या हातात. "तुम भी बजाओ."

पूर्वी त्यांच्याकडे खरी चोच लावायचे. पक्षी कमी होत चालले, तशा लोकांनी फायबरच्या चोची आणल्या. तारोभाईंना याचा इतका अभिमान, की चोच वाजवल्याशिवाय ते कुणाला जेवू देत नाहीत.

तारोभाई अरुणाचलचे, न्यिशी जमातीचे, इथे हॉस्पिटलात नर्स. त्यांच्या हिंदीत स्त्रीलिंग नाही आणि माझ्या हिंदीत आहे ते सगळं चुकीचं, त्यामुळे आमचं उत्तम जमतं. एकदा सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीत ते पूर्ण पोशाखात निघाले होते. पाठीला अस्वलाच्या कातड्यासारखी दिसणारी झोळी, कमरेला म्यानातलं पातं. गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, त्यांना बाजूला घेतलं. तारोभाईंनी पातं उपसून दाखवलं. ते लाकडी निघालं.

"धिस ऑल्सो नॉट ओरिजिनल!"

"ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, असं गार्डा म्हणाला, आणि चोच वाजवून गेला.

त्यांची मुलगी यामी इथेच वाढली. तिने शॉन नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. शॉन कॉम्प्युटरवाला, पण घरचा दुधाचा व्यवसाय, गावाबाहेर मोठं फार्म. बातमी सांगायला तारोभाई आमच्याकडे आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साठेजी, अब मिथुन का बात करना पड़ेगा."

मला वाटलं, पत्रिका बघतायत. म्हटलं, "माझी कन्या. मंजिरीची तूळ."

मिथुन म्हणजे त्यांच्या डोंगरातलं गव्याच्या जातीचं दांडगं जनावर, हे मग कळलं. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी मिथुन द्यायचे, ही रीत. माझी बायको मंजिरी हे ऐकून खुर्चीत सरसावून बसली. "मुलाकडचे देतात? अहो, मग आपण का नाही तिकडे जन्मलो?"

"लेकिन लड़की का बाप खुद नहीं मांगता," तारोभाई म्हणाले. "बीच में एक आदमी लगता है." आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव मी कधी केलेला नाही. पण तारोभाईंना नाही म्हणणं जमलं नाही.

यामीला हे समजलं तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो. यामी चिडली की तिचं इंग्रजी अधिकच आयरिश होतं. "डॅड, मी विकायला काढलेली नाहीये! शॉनच्या वडिलांसमोर माझी काय शोभा होईल?"

तारोभाई भांडी घासत होते. घासतच राहिले. मला वाटलं, विषय संपला. मी मनातून सुटलोही. मग ते पाठमोरेच बोलले.

"मिथुन का दाम नहीं होता, बेटी. हिस्सा होता है."

त्यांनी जे सांगितलं ते असं. आलेल्या जनावराचं मांस मुलीकडच्या सगळ्या घरांत वाटतात. ज्याने खाल्लं, त्याच्यावर मुलीची जबाबदारी आली. सासरी काही दुखलं-खुपलं तर त्याने उठून यायचं.

"तुम्हारा मम्मी का टाइम में हम गरीब था. कुछ दिया नहीं, तो कोई खाया नहीं. फिर वो मरा, तो उसका तरफ से कौन खड़ा था? हम एक. तुम एक."

नळ वाहत होता. यामीने तो बंद केला. ओट्यावरचं फडकं घेऊन ती एक-एक ताट पुसायला लागली. सगळी पुसून प्रेसमध्ये लावली. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, पहिल्या वर्षी मी इस्त्री शोधली होती.)

"एकच गाय," ती शेवटी म्हणाली. "कापायची नाही. आणि निवडणार मी."

रविवारी आम्ही तिघं फार्मवर गेलो. शॉनचे वडील मार्टिन चिखलाच्या बुटांत गोठ्यापाशी उभे. मी सुटात. रात्री तयारी केली होती त्याप्रमाणे मी सुरुवात केली, "भारताच्या ईशान्येला विविध परंपरा आहेत..."

मार्टिननी मला तिथेच थांबवलं. "माझी आजी लग्नात दोन गाई घेऊन या घरात आली. तुमच्यात गाई उलट दिशेने चालतात, एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हटलं.

यामी कळपातून फिरली आणि एका तांबड्या-पांढऱ्या गाईच्या पाठीवर तिने हात ठेवला. मार्टिनचा चेहरा उतरला. "ती? ती माझी सगळ्यात चांगली आहे."

तारोभाई रीतीप्रमाणे आभाळाकडे बघत होते. आता मलाच बोलायला हवं होतं.

"मग तीच," मी म्हणालो. कुठून आलं कोण जाणे.

मार्टिन गडगडाटी हसले, तळहातावर थुंकले आणि हात पुढे केला. गुरांच्या बाजारात सौदा पक्का करायची जुनी पद्धत. मी, दिवसभर हात धुण्याचा पगार घेणारा माणूस, माझ्या तळहातावर थुंकलो आणि टाळी दिली. गाय राहणार मार्टिनच्या गोठ्यात, पण तारोभाईंची. खूश होऊन मार्टिननी वर एक डुक्कर कबूल केलं.

लग्न सकाळी चर्चमध्ये झालं, पांढऱ्या गाऊनमध्ये. संध्याकाळी हॉलमध्ये यामी आली ती आईच्या कपड्यांत. हातमागाचं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र, गळ्यात कमरेपर्यंत लोंबणाऱ्या निळ्या मण्यांच्या माळा, कमरेला पितळी चकत्यांचा पट्टा. पावलागणिक तो पट्टा असा वाजत होता, की बँडवाल्यांनी आपलं वाजवणं थांबवलं. मंजिरीने हळूच माळा उचलून बघितल्या. "बाई गं, मान कशी धरते ही!" यामी म्हणाली, "आय'म ग्रँड," आणि मान धरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारोभाई पिशवी घेऊन गल्लीत फिरत होते. मल्याळी नर्सबाईंकडे, कोपऱ्यावरच्या पोलिश जोडप्याकडे, घरोघर फॉइलमध्ये बांधलेली, त्या कबूल केलेल्या डुकराच्या मांसाची पुडी. आमच्या दाराशी आले तसा मी ओशाळलो. "तारोभाई, आम्ही खात नाही ना..."

"मालूम है." त्यांनी पिशवीतून दुधाची बाटली काढली. "उसी गाय का है. सुबह जाके लाया."

मंजिरीने दूध तापवलं. आम्ही दोघं कप संपवेपर्यंत ते दारातच उभे राहून बघत होते.

"बस," ते म्हणाले. "अब यामी का कुछ झगड़ा होगा, तो तुम लोग आएगा."

"झगड़ा कशाला?" मंजिरी म्हणाली, आणि मग तिच्या हिंदीत, "हमारे में पहिली दिवाली मायके में होती है. जावई को लेके. दोनों को इधर भेजो."

तारोभाईंना ते नीट समजलं नसावं. त्यांनी आमच्या उंबऱ्याकडे बोट केलं.

"मायका... इधर?"

"इधर नहीं तो किधर?"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग, अजून घरं बाकी आहेत, असं काहीतरी पुटपुटले आणि भराभर निघून गेले. पिशवी आमच्याच दारात राहिली. मंजिरीने ती देऊन मला त्यांच्या मागे धाडलं.

तारोभाई वळणावर, कुंपणाच्या झुडपाकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि परत फिरलो.