सुटलेला एक

तिसरं पत्र आलं तेव्हा डॉक्टर खरोखरच वैतागले. आधीच्या दोन पत्रांवर त्यांनी एवढ्या दुरुस्त्या करून दिल्या होत्या, तरी कार्यालयाचं गाडं होतं तिथंच. 'आपण अद्याप तपासणीसाठी आला नाहीत' हे वाक्य त्यांनी खोडलं आणि समासात लिहिलं, 'सूर आरोपाचा वाटतो. माणूस बिचकतो. जरा मायेनं लिहा.' मग पाकीट चिकटवून ते समाधानानं चहा प्यायले.

डॉक्टरांचं अख्खं आयुष्य दोन विषयांत गेलं होतं. एक रक्तदाब आणि दुसरा कर्करोगाची आगाऊ चाचणी, म्हणजे धडधाकट माणसाला काही दुखायच्या आत बोलावून तपासणं. या दोहोंवर त्यांचे इतके शोधनिबंध छापून आले होते की नुसत्या शीर्षकांची यादी जोडली तरी अर्जाचं पाकीट फुगायचं. लोक कोणत्या सबबी सांगतात, बोलावूनही का येत नाहीत आणि काय लिहिलं म्हणजे येतात, यावर दूरदूरचे संशोधक त्यांचा हवाला द्यायचे. अशा माणसाकडे पत्रांचे मसुदे तपासायला येणारच, असं डॉक्टर धरून चालले होते. ही पत्रं मसुदे नसून खुद्द त्यांनाच आलेली बोलावणी आहेत, हे आपल्या ध्यानात आलं नाही, असं ते शपथेवर सांगू शकले असते. पन्नाशी उलटली की संस्थेच्या तपासणी योजनेच्या हद्दीतल्या प्रत्येक रहिवाशाला आपोआप पत्र जातं, हा नियम त्यांनीच केला होता. आपलीही पन्नाशी उलटली, हा तपशील तेवढा त्यांच्या नजरेतून सुटला होता.

कार्यालयात कोणाला नाव दिसत नसे, नुसता क्रमांक दिसे. लोकांची लाज राखायची म्हणून हाही नियम डॉक्टरांचाच.

"सर, सगळे आले. एकच उरलाय," बैठकीत सरासरी म्हणाला. आकडेमोड सांभाळणाऱ्या या सहकाऱ्याला सगळी संस्था सरासरी म्हणूनच हाक मारायची. "स्वतः तर येत नाहीच, वर उलट पत्रं पाठवून आपल्याला शहाणपण शिकवतो."

"म्हणजे घाबरलाय," डॉक्टर ताडकन म्हणाले. "माझा निबंध वाच. जो बोलावणाऱ्याच्याच चुका काढतो ना, त्याची आतून पाचावर धारण बसलेली असते. घरी माणूस पाठवा. आणि घरात चार माणसं असतील तेव्हा पाठवा. एकटा असला की तो दार लावून घेईल."

"रविवारी संध्याकाळी?"

"उत्तम. सोडू नका त्याला. एकही माणूस सुटला नाही, असं आजवर कोणी छापलेलं नाही. तो आला की आपला निबंध पुरा झाला म्हणून समज."

निबंध पुरा होणार या आनंदात डॉक्टरांनी त्याच रविवारी आपल्या सहलेखकांना घरी चहाला बोलावलं. संचालक आले, सरासरी आला, प्रयोगशाळेतल्या दोघी आल्या. केक कापून झाला आणि संचालक डॉक्टरांच्या चिकाटीवर दोन शब्द बोलायला उभे राहिले, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई उभी होती.

"हा पत्ता इथलाच ना? इथल्या साहेबांना एक वस्तू द्यायचीय. हातातच द्यायची, असा नियम आहे."

डॉक्टरांच्या बायकोनं कौतुकानं तिला आत घेतलं. बाईंनी पिशवीतून एक छोटी पांढरी पेटी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. सगळ्यांना वाटलं, कुठल्याशा परिषदेनं पदक पाठवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"उघडा ना सर!" प्रयोगशाळेतली एक म्हणाली.

डॉक्टरांनी लाजत लाजत पेटी उघडली. आत झाकणाची प्लास्टिकची डबी होती. दुसऱ्या कोणाच्या घरी ती काय आहे हे सांगावं लागलं असतं. इथं जमलेल्या प्रत्येकानं तिच्यावर निबंध लिहिला होता. आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीसाठी शौचाचा नमुना जिच्यात द्यायचा, ती ही डबी. टाळ्या एकेक करून थांबल्या. सरासरीनं आधी डबीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि त्याच्या घशात केक अडकला.

"म्हणजे तो उरलेला एक तुमच्याच घरात होता होय?" तो कसाबसा म्हणाला.

डॉक्टरांना रागवायचं होतं, पण कोणावर? नियम त्यांचे, वार त्यांनी ठरवलेला, आणि 'सोडू नका' हा हुकूमही त्यांचाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"घरभेटीत रक्तदाबही बघावा लागतो," असं म्हणत बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळलासुद्धा.

"आत्ता नको हो. पाहुणे आहेत, आकडा वर दाखवेल."

"सबब पहिली," सरासरीच्या तोंडून निघून गेलं.

"मी नुकताच चहा घेतलाय."

"दुसरी," संचालक पुटपुटले.

"तुमचा पट्टा मला घट्ट होतोय!"

"ही तिसरी," प्रयोगशाळेतल्या दोघी एकदमच म्हणाल्या. निबंध सगळ्यांनाच पाठ होता.

आकडा बघून बाईंनी तो कागदावर लिहून घेतला. "पाच मिनिटं गप्प बसा, मग परत बघू," एवढंच म्हणाल्या.

आपल्या सहलेखकांसमोर डॉक्टर पाच मिनिटं गप्प बसले, हा प्रसंग संस्थेच्या इतिहासात पहिलाच. बोलायला मिळेना, तेव्हा त्यांना वडील आठवले. वडीलही असेच होते. दवाखान्याची वेळ चुकीची, डॉक्टर पोरसवदा, पावतीवरचं अक्षर गिचमिड, असे सतरा दोष काढत राहिले आणि तपासून घ्यायला गेले तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी आजवर जे जे लिहिलं, ते त्या एका वेळेवर न आलेल्या माणसाला उद्देशून लिहिलं होतं. हे त्यांनी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही आकडा उतरला नाही.

पाहुणे कामं आठवून लवकरच उठले. स्वयंपाकघरात बायको कप विसळत होती, आणि गरजेपेक्षा जास्त आवाज होत होता.

"मला वाटलं, मसुदे आहेत," डॉक्टर म्हणाले.

"पहिल्या पत्राला वाटलं असेल. तिसऱ्यालाही?"

डॉक्टरांनी टेबलावरचा केकचा चुरा गोळा करायला घेतला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"तिसऱ्यावर घरचा पत्ता होता. दिसला मला."

बायकोनं नळ बंद केला. "मामंजींच्या वेळी तीन महिने मी त्यांच्या उशाशी बसले होते. मला वाटायचं, काही झालं तरी यांची ही एक काळजी मला नाही, हे सगळ्या जगाला तपासतात. फार राग आलाय मला तुमचा."

"भीती वाटते गं," डॉक्टर म्हणाले. "कितीजणांत काय निघतं, सगळं मला तोंडपाठ आहे. पण दुसऱ्यांच्या बाबतीत तो आकडा असतो. माझ्या बाबतीत तिथं बाबा असतात."

तिनं विसळलेले कप पालथे घातले. मग हात पुसत म्हणाली, "उद्या मी येते बरोबर. आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायच्या. त्यावर वाद नको."

सकाळी ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून डॉक्टर मागच्या दारानं केंद्रात शिरले. नमुने घ्यायच्या खिडकीपाशी पाहतात तो काय, सरासरी, प्रयोगशाळेतल्या दोघी आणि संचालक भिंतीकडे तोंड करून उभे! ही मंडळी योजनेच्या हद्दीबाहेर राहत. त्यामुळे त्यांना कधी कोणी पत्र पाठवलं नव्हतं, आणि त्याबद्दल एकाचीही तक्रार नव्हती. कालची ती पाच मिनिटं मात्र सगळ्यांनाच जड गेली होती. डब्या संस्थेच्या कपाटात होत्याच.

"पहिलं कोण?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

निबंधावर पहिलं नाव कोणाचं, यावरून या मंडळींत आजवर दारं आपटली गेली होती, अबोले धरले गेले होते. आज सरासरी अदबीनं बाजूला झाला. "तुमचा मान, सर. काम तुमचंच आहे."

"छे, छे, आकडे सगळे तुझेच."

"आणि निबंधात ज्येष्ठाचं नाव सगळ्यात शेवटी, हा तर जगाचा रिवाज आहे," असं म्हणत संचालक रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

बायकोनं डॉक्टरांच्या कोपराला हलकेच हात लावला. डॉक्टर पुढे झाले. त्यांनी डबी खिडकीतून पुढे केली. बाईंनी डबी घेतली, क्रमांकाची पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, "पुढचे." एवढ्यासाठी आपण तीन पत्रं दुरुस्त केली, याचं डॉक्टरांना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

एकेक जण पुढे सरकला. संचालकांची पाळी आली तेव्हा ते दाराशी पोचले होते. "माझी एक बैठक आहे," ते म्हणाले. "उद्या येतो मी, नक्की."

या सबबीला काय उत्तर द्यायचं ते डॉक्टरांनी सविस्तर लिहून ठेवलं होतं. त्यातलं काहीच ते बोलले नाहीत. "मी थांबतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले.

"तुम्ही थांबून काय करणार?"

"काही नाही. नुसता थांबतो."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं, आणि कोटाच्या खिशातून डबी बाहेर काढली.