माळवेढ्याचा अनोळखी माणूस

माळवेढ्यात एकच अनोळखी माणूस होता आणि त्याला ओळखायचं नाही, असा नियम होता. का, ते विचारायचं नाही, हाही नियमच होता. हर्षदा गलांडेला हे दोन्ही नियम तेराव्या वर्षी एकदमच सांगण्यात आले, कारण त्याच दिवशी सकाळी तिच्या बाबांची त्या जागेवर नेमणूक झाली होती.

माळवेढ्याची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात. कुणी कोइमतूरला, कुणी कटकला दागिने वितळवून सोनं शुद्ध करत बसलेलं. पूर्वी ती घरी मनीऑर्डर करायची, मग फोनवरून कॉइन, म्हणजे डिजिटल चलन, पाठवायला लागली. फोनमध्ये आलेल्या कॉइनचे रोख पैसे करायचे तर घेणाऱ्याला समोरासमोर भेटावं लागे, आणि गावातल्या गावात ते जमेना. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर नोट उजेडात धरून बघता येत नाही. तो म्हणतो, “काय वहिनी, एवढाच का विश्वास?” मग नोट खाली ठेवून त्याला चहा करावा लागतो. बाहेरच्याशी व्यवहार करावा, तर शिवा लोहाराला हायवेवरच्या ढाब्यात एकाने नोटांचं पुडकं दिलं होतं. वरची नोट खरी, खालची खरी आणि मधे शाळेच्या वहीचे कागद.

तेव्हा कॉइन सुरक्षा समिती स्थापन झाली. निवृत्त हेडमास्तर आप्पा साळुंखे अध्यक्ष, तात्या माने आणि विष्णूअण्णा सदस्य. आप्पांनी इंटरनेटवरची सगळी माहिती छापून मागवली आणि समितीने तिचा अभ्यास केला. अनोळखी माणसाशी सौदा करताना दिवसाउजेडी भेटा. वर्दळीच्या जागी भेटा. घरी सांगून जा, सोबत एक माणूस न्या आणि त्याला लांब बसवा. नाव-गाव सांगू नका. सगळं कॉइन घेऊन जाऊ नका, त्या दिवसापुरतं फोनमधल्या वेगळ्या वॉलेटमध्ये काढा. कॉइन पोचल्याचं नेटवर्कचं कन्फर्मेशन येईपर्यंत कुणीही जागचं हलू नका. ओळखीच्या माणसाशी सौदा करताना काय काळजी घ्यावी, याबद्दल मात्र कुठेही अवाक्षर नव्हतं. यावरून समितीने निष्कर्ष काढला की सुरक्षितता फक्त अनोळखी माणसाबरोबरच मिळते.

म्हणजे गावाला एक अनोळखी माणूस हवा होता. बाहेरचा नको, त्याचा भरवसा काय? म्हणून गावातलाच, चारचौघांनी लहानपणापासून पाहिलेला, सरळ माणूस घ्यायचं ठरलं. हर्षदाचे बाबा, सुभाष गलांडे, सगळ्यांना पसंत पडले. कॉइन त्यांनी गावाच्या वॉलेटमध्ये घ्यायचं आणि समितीने ठेवलेल्या पैशांतून रोख द्यायची.

पद्धत सोपी होती. दोन जाणत्या माणसांनी समितीसमोर ‘मी यांना ओळखत नाही’ असं म्हटलं की माणूस अनोळखी होई. हर्षदाच्या आजोबांनी पहिल्या झटक्यात म्हटलं. आईला तीनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा आवाजच फुटला नाही. मग बाबांनी पिशवी उचलली आणि ते बसस्टँडमागच्या खोलीत राहायला गेले. विचारल्याशिवाय अनोळखी माणसाने बोलायचं नाही, असं एक कलम आप्पांनी शेवटी घातलं. अनोळखी माणसं आपणहून बोलायला लागली की ओळख होते, असा त्यांचा अनुभव होता.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. रेशन कार्डावर ‘कुटुंबप्रमुख बाहेरगावी’ अशी नोंद झाली. आजोबा वारले तेव्हा अंत्ययात्रेच्या मागे, जरा अंतर ठेवून, एक अनोळखी माणूस चालत होता आणि गावाने त्याचं कौतुक केलं. हर्षदा शिकायला सांगलीला मावशीकडे गेली. सुट्टीत येता-जाता एसटीच्या खिडकीतून तिला तो माणूस दिसे. मिशी वाढलेली, हातात छत्री, नजर वेळापत्रकाच्या बोर्डावर. ते बाबाच आहेत की बाबांसारखा दिसणारा खराखुरा अनोळखी माणूस, हे तिला दर वर्षी थोडं थोडं कमी कळू लागलं.

कॉलेजात असताना तिने एका परदेशी कंपनीसाठी चित्रं काढून दिली आणि कंपनीने कॉइन दिलं. आता तिला पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि फी रोख भरायची होती. ती गावी आली आणि तिने आईला सांगितलं की कॉइन विकायचंय.

“मी येते सोबत,” आई लगेच म्हणाली आणि डबा भरायला लागली.

“डबा कशाला? बसस्टँड चार पावलांवर आहे.”

“वेळ लागतो गं.”

आई गावात सोबतीसाठी प्रसिद्ध होती. कुणाचंही कॉइन विकायचं असो, लांब बसायला रंजनावहिनी तयार. ऊन असो, पाऊस असो. वहिनी जरा विसरभोळ्या आहेत, एवढंच लोक म्हणत. दर वेळी डबा बाकावर विसरतात आणि पुढच्या वेळी घासूनपुसून ठेवलेला रिकामा डबा उचलून आणतात.

वाटेत आई म्हणाली, “नेटवर्कची फी कमीच लाव हं.”

हर्षदा थबकली. “तुला काय माहीत फी कमी-जास्त लावता येते ते?”

“सगळ्यांना सांगते मी. उगाच जास्त का द्यायची?”

“आई, फी कमी लावली की कन्फर्मेशनला तासन् तास लागतात. तोवर उठता येत नाही.”

“हो ना,” आई म्हणाली आणि पदर सारखा करून पुढे चालू लागली.

अनोळखी माणूस फलाट तीनच्या बाकावर बसला होता. आई समोरच्या बाकावर, गुटख्याच्या जाहिरातीखाली जाऊन बसली आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं. वळवलेल्या तोंडासमोर पानाच्या टपरीचा आरसा होता. हर्षदाने तिच्या नजरेमागे पाहिलं. आरशात फलाट तीन पूर्ण दिसत होता.

तिच्या डोक्यात काहीतरी सरकलं, पण नेमकं काय ते कळेना.

“कॉइन विकायचंय,” ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत म्हणाली.

“नाव सांगू नका,” अनोळखी माणूस म्हणाला. “घरी सांगून आलात?”

“घर सोबतच आलंय.”

त्याने मान हलवली आणि गावाच्या वॉलेटचा कोड तिच्यापुढे धरला. तिने फोन धरून तो स्कॅन केला. फीच्या रकान्यात तिने आधी नेहमीचा आकडा टाकला. मग आरशाकडे पाहिलं. आकडा खोडला आणि सगळ्यात कमी, ज्याच्या खाली नेटवर्क घेतच नाही, तो टाकला.

कॉइन निघालं. आता वाट पाहायची होती.

दुपारच्या गाड्या लागल्या, गेल्या. अनोळखी माणूस विचारल्याशिवाय बोलणार नव्हता आणि काय विचारायचं ते हर्षदाला सुचत नव्हतं. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत तिने भल्याभल्यांना गप्प केलं होतं. इथे साधं वाक्य जुळेना. तुम्ही कसे आहात? हे अनोळखी माणसाला कोण विचारतं? मग तिने विचारलं, “विट्याची गाडी किती वाजता?”

“साडेतीन,” तो म्हणाला. “पण ती आज उशिरा येईल. तुम्हाला विट्याला जायचंय?”

“नाही.”

“बरं.”

ऊन सरकत बाकाच्या तिच्या बाजूला आलं. अनोळखी माणसाने छत्री उघडून बाकाच्या फटीत मधोमध रोवली. सावली तिच्यावर पडली, त्याच्यावर पडली नाही. मग त्याने कँटीनच्या दिशेने हात केला.

“दोन चहा. एक आल्याचा, एक बिनआल्याचा.”

बिनआल्याचा कप त्याने तिच्यासमोर ठेवला.

आलं घातलेला चहा हर्षदाला लहानपणापासून पचत नसे. हे सांगलीच्या मावशीलाही अजून लक्षात राहिलं नव्हतं. तिने कप उचलला आणि तो तोंडाला लावायचं विसरून ती त्या माणसाकडे बघत बसली. तो वेळापत्रक वाचत होता. बोर्डावरचा रंग केव्हाच उडाला होता, वाचण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

कँटीनवाल्याने ऐकलं होतं. तो समितीशी प्रामाणिक होता.

चहा निवायच्या आत तिन्ही म्हातारे फलाट तीनवर हजर झाले. आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली, म्हणजे सभा सुरू झाली.

“अनोळखी माणसाला या मुलीचा चहा कसा माहीत?” आप्पांनी विचारलं.

“त्यांनाच विचारा,” हर्षदा म्हणाली.

आप्पांनी विचारलं.

“अंदाजाने सांगितलं,” अनोळखी माणूस म्हणाला.

“अंदाज चुकायला हवा होता,” तात्या म्हणाले. “अनोळखी माणसाचा अंदाज बरोबर कसा येतो? आणि ही छत्री? माझ्या सुनेचं कॉइन विकलं तेव्हा कुठे होती ही छत्री?”

“तुमची सून सावलीत बसली असेल, तात्या,” हर्षदा म्हणाली.

“तू मधे बोलू नकोस गं! शिकलीस म्हणून काय डोक्यावर बसशील?”

“विचारलंत ना? मग उत्तर नको?”

“ठराव झालाय,” विष्णूअण्णा म्हणाले. कुठला ते त्यांनी सांगितलं नाही. ते नेहमी एवढंच म्हणत.

आप्पांनी घसा साफ केला. “हे प्रकरण अर्धवट ओळखीचं आहे. असा माणूस गावाच्या सुरक्षिततेला धोका. आता दोनच वाटा. या मुलीला अठरा पूर्ण होऊन वर्षं झाली, पण हिने वाक्य म्हटलेलं नाही. ते तिने आत्ता म्हणावं. मग सगळं पूर्ववत. नाही म्हटलं, तर हे गृहस्थ उद्यापासून सोनवड्याला अनोळखी माणूस म्हणून जातील. त्यांच्या अनोळखी माणसाने गावातच लग्न केलंय, त्यामुळे त्यांना निकड आहे.”

सोनवडे घाटापलीकडे होतं. तिथे समोरचा बाक नव्हता, आरसा नव्हता, आणि तिथल्या लोकांच्या सोबतीला त्यांची त्यांची माणसं होती.

आई जागेवरून उठून आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती फलाट तीनवर उभी होती. “म्हण गं हर्षे,” ती हळूच म्हणाली. “एक वाक्य तर आहे. मी म्हटलंच की. म्हटल्यावर काही होत नाही. इथेच राहतात मग.”

हर्षदाला काही कळेनासं झालं. ओळखलं तर ते जाणार. नाही ओळखलं तर राहणार, पण ते कोण म्हणून राहणार? तिने अनोळखी माणसाकडे पाहिलं. तो काही सांगेल असं तिला वाटलं. पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला काय पाहिजे?”

असा प्रश्न नियमांत बसतो का, याबद्दल आप्पांच्या चेहऱ्यावर विचार सुरू झाला.

“डबा घरी खायला आवडेल,” अनोळखी माणूस म्हणाला. “ताटात.”

आईने पदराचं टोक तोंडाला लावलं.

“वाक्य, मुली,” आप्पा म्हणाले. “वेळ जातोय.”

“नाही म्हणणार.”

“म्हणजे सोनवडे.”

“सोनवडेही नाही. हे माझे बाबा आहेत, मी यांना ओळखते आणि हे माझ्या घरी येणार आहेत.”

“आणि गावाने काय करायचं?” तात्या कडाडले. “अनोळखी माणसाशिवाय लोकांनी कॉइन विकायचं कुणाला? उद्या कुणाला कागदाची पुडकी मिळाली तर जबाबदार कोण? तू?”

“बरोबर आहे तात्या. गावाला अनोळखी माणूस पाहिजेच.” हर्षदाने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कप बाकावर ठेवला. तिचा गोंधळ अजून गेला नव्हता, पण त्यातली एक गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. “सरळ पाहिजे, पारखलेला पाहिजे, गावाने लहानपणापासून पाहिलेला पाहिजे. दोन जाणत्या माणसांनी म्हटलं की झालं. हो ना?”

“हो,” आप्पा म्हणाले. “पद्धत तीच.”

“मग आप्पा, मी तुम्हाला ओळखत नाही. यांना नाही आणि त्यांनाही नाही.”

आप्पा हसले. “एकटीच्या म्हणण्याने काय होतं? दोन लागतात.”

“मीही नाही ओळखत,” आई म्हणाली.

तिला तीनदा म्हणावं लागलं नाही. आवाज चौकशीच्या खिडकीपर्यंत गेला आणि आतल्या कंट्रोलरने मान बाहेर काढून, या तीन अनोळखी गृहस्थांकडे एकदा पाहून घेतलं.

तात्यांनी हात उचलला. विष्णूअण्णांचे ओठ ठरावापर्यंत आले. आप्पांनी बोलायला तोंड उघडलं, मग त्यांना त्यांचंच कलम आठवलं असावं. कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

बाबा बाकावर थोडे सरकले. त्या जागेत तिघंही म्हातारे एकमेकांना चिकटून, न बोलता बसले आणि उडालेल्या रंगाच्या वेळापत्रकाकडे पाहू लागले. आईने डबा उचलून काखेत धरला. पण कन्फर्मेशन अजून आलं नव्हतं, त्यामुळे कुणीच जागचं हललं नाही.