तपकिरी काचेतला निवडुंग

चष्मेवाल्यांचा फोन वाजायचा तो निवडुंगामुळेच. मुलगी दूरच्या शहरात शाळेत विज्ञान शिकवायची. मागच्या खेपेला आली, तेव्हा तिने हॉलिडे कॅक्टसचा एक तुकडा दुकानाच्या खिडकीतल्या कुंडीत खोचला. चपट्या कांड्यांची ही बिनकाट्याची साखळी थंडीत फुलते, एवढं सांगून ती गेली. तिच्यामागोमाग तुकड्याने मान टाकली. चष्मेवाल्यांनी फोटो पाठवला, आणि एरवी अंगठ्याच्या चित्रावर भागवणाऱ्या मुलीचा लगेच फोन आला.

"बाबा, पाणी किती घालता त्याला?"

"दोन्ही वेळ. माणसासारखं."

"बुडवून मारताय तुम्ही. माती सुकेपर्यंत हात लावू नका. आणि रोज फोटो पाठवा."

रोज फोटो गेला, रोज फोन आला. कांड्यांच्या चौकशीत मधूनच "जेवलात का" हेही यायचं. बायको गेल्यापासून दुकानावरच्या खोलीत आवाज असा नळाचाच. फोन संपला तरी चष्मेवाले तो थोडा वेळ कानाला धरून ठेवत.

मग तुकड्याने दगा दिला. तो बरा झाला. टोकाला तांबूस नवी कांडी फुटली.

"जगला की. आता काळजी नाही," मुलगी म्हणाली आणि खरंच काळजी करेनाशी झाली. फोन आठवडाभर गप्प.

शेवटी चष्मेवाल्यांनी उन्हाच्या चष्म्याची तपकिरी काच मोबाइलपुढे धरली आणि फोटो काढला. रोप असं काही पिवळं दिसलं, की काच बाजूला करून त्यांनी ते पुन्हा एकदा पाहून घेतलं, मग फोटो पाठवला. फोन ताबडतोब आला.

पण खोटेपणा त्यांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. फसवलंच आहे, तर निदान ते खरं तरी करावं, असं त्यांना वाटू लागलं. संध्याकाळ झाली की ते रोप मागच्या गारठलेल्या खोलीत नेत आणि फ्रेमांच्या कपाटात कोंडत. पाणीही जवळजवळ तोडलं. सकाळी मात्र दया यायची, आणि ते त्याला पुन्हा खिडकीत आणून बसवायचे.

शेजारच्या शिंप्याने हे हेरलं. "काय हो, झाड कुलपात कशाला? पळून जातंय का?"

"आजारी पाडतोय."

"मग माझ्याकडे द्या. मी हात लावलेलं एकही झाड जगलेलं नाही."

पुढे काही आठवड्यांनी चष्मेवाल्यांनी सकाळी कपाट उघडलं, तर प्रत्येक टोकाला उमलायला आलेली टपोरी गुलाबी कळी. ज्याला अंथरुणाला खिळवायचं, ते रोप नटूनथटून उभं होतं. कळ्या फोटोत दिसू नयेत म्हणून त्यांनी पुढे अंगठा धरला, दुसऱ्या हाताने मोबाइलवर काच दाबून धरत कसाबसा फोटो काढला. या वेळी फोन दुकान भरलेलं असताना आला.

"बाबा, हा अंगठा कोणाचा?"

"माझाच. दुसऱ्याचा कुठून आणू?"

"पिवळाजर्द दिसतोय. नखसुद्धा. कावीळ झालीय का तुम्हाला?"

"छे. उजेड तसा असेल."

"लघवी कशी होते?"

"अगं, समोर गिऱ्हाईक बसलंय."

"म्हणजे पिवळी होते."

मुलगी रजा टाकून दुसऱ्या दिवशी दारात हजर. चष्मेवाले एका आजोबांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते. तिने पिशवी टाकली आणि बाबांची पापणी खाली ओढली.

"डोळे तर पांढरे आहेत."

एका डोळ्यावर हात धरलेले आजोबा म्हणाले, "यांनी मला तपासायचं, का तुम्ही यांना? काय ते ठरवा."

तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. रोप फुलांनी लवलं होतं, आणि शेजारीच तपकिरी काच पडली होती. तिने काच उचलली, तिच्यातून आधी फुलांकडे पाहिलं, मग बाबांच्या अंगठ्याकडे.

"हे फुललं कसं? माझ्याकडचं तर एकदाही फुललेलं नाही."

"कपाटात कोंडलं. पाणी तोडलं."

"लांबलचक अंधार, गारवा, कमी पाणी. याला कळ्या धरायला हेच लागतं, बाबा. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मला ते आजारी पाडायचं होतं."

"का पण?"

चष्मेवाले पुसलेली काच पुन्हा पुसत राहिले. "ते बरं असलं, की तू फोन करत नाहीस."

आजोबांनी तक्त्यावरची खालची ओळ मनातल्या मनात वाचायला घेतली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून मुलगी बाबांच्या जवळ बसली आणि दुकान बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

निघताना तिने रोपाचा एक तुकडा मोडून ओल्या कागदात गुंडाळला. चष्मेवाले तिला बसपर्यंत सोडून परत आले, दिवा लावला, तर कागदाची पुरचुंडी काउंटरवरच. विसरली होती पोरगी. कळवावं म्हणून त्यांनी मोबाइल हातात घेतला, तोच तो वाजला.

"बाबा, अहो, तुमचा तुकडा बसमध्येच मान टाकायला लागला. काय करू?"

चष्मेवाल्यांनी पुरचुंडी उलगडली. तुकडा छान टवटवीत होता.

"घाबरू नकोस," खुर्ची ओढून ऐसपैस बसत ते म्हणाले. "कसा दिसतोय, ते आधी नीट सांग बघू. सावकाश सांग."