आशीर्वादानंतरचं कुलूप

आमच्या ल्यूथरन चर्चमध्ये पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर करून शेवटचा आशीर्वाद दिला, की मंडळी 'आमेन' म्हणते आणि लगेच बाहेरून 'खट्' असा आवाज येतो. नवख्या माणसाला वाटतं, हाही उपासनेचाच भाग असावा. प्रत्यक्षात तो आवाज शांतवनकाकांच्या कुलपाचा असतो. आमेन कानावर पडलं की ते कंपाउंडच्या लोखंडी गेटला आतून कुलूप घालतात, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि कडुनिंबाखाली चहाच्या गंजापाशी, म्हणजे मोठ्या पातेल्यापाशी, जाऊन उभे राहतात.

"चहा पेल्याशिवाय कोणी जाणार नाही," ते जाहीर करतात. ही विनंती नसते.

ज्यांच्या नावाने आमची मंडळी चालते, त्या ल्यूथरसाहेबांनी म्हणे चर्चच्या दारावर कागद ठोकून जग हलवलं होतं. शांतवनकाकांनी गेटला कुलूप ठोकून आमचे रविवार हलवले.

मी मंदा. शाळेत शिकवते, चर्चच्या गायनमंडळात गाते आणि रविवारी सकाळी मटणाला मसाला लावून मगच घराबाहेर पडते. आमच्या घरी बाकी कशाची वेळ चुकली तर चालते, रविवारच्या मटणाची नाही. त्यामुळे काकांशी माझी दर आठवड्याला झकाझकी ठरलेली.

"काका, उघडा ना. मटण शिजायचं आहे घरी."

"कुठी पळून चाललं का वं ते? कापलेलं बोकड आहे. बस, चहा घे."

काका उंच, काटकुळे, मिशी पांढरीशुभ्र. जन्म गेला खापरखेड्याच्या वीज केंद्रात. इतकी वर्षं टर्बाइनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे कुजबुज हा प्रकार त्यांना येतच नाही. मूक प्रार्थनेत शेजाऱ्याला "सरक बावा थोडा" म्हणाले, तर वेदीजवळची माणसंसुद्धा सरकतात. चहाही ते बॉयलरसारखा सांभाळतात. कोणी झाकण उघडून पाहिलं, की ओरडलेच. "हात नको लावू! प्रेशर नाही आलं अजून!" प्रेशर कधी येतं हे फक्त त्यांना कळतं.

प्रवचन अर्ध्यावर आलं की ते हळूच (म्हणजे सगळ्यांना कळेल असे) उठून बाहेर जातात आणि खलबत्त्यात आलं कुटायला घेतात. धाड, धाड, धाड. आलं कुटायला सुरुवात झाली की प्रवचन आवरतं घ्यायचं, हे आधीच्या वयस्कर पाळकांना बरोबर उमगलं होतं. नंतर आलेले पाळकसाहेब तरुण, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी पहिल्या रविवारी आवाजावर आवाज चढवून पाहिला. टर्बाइनसमोर काय टिकणार बिचारे.

या कुलपात कोण कोण अडकलं, ते सांगायला बसले तर माझं मटण आजही राहील. बबन नावाचा ऑटोवाला एकदा फक्त ऑटो वळवायला आत आला आणि अडकला. आता तो दर रविवारी बरोबर आमेनच्या आधी ऑटो वळवायला येतो. एकदा जेवणाचे डबे पोहोचवणारा एक माणूस पत्ता विचारायला शिरला. चांगला दोन लेकरांचा बाप, रडकुंडीला आला.

"काका, ऑर्डर लेट होऊन राहिली जी. कस्टमर ओरडते."

"दे फोन इकडे," काका म्हणाले आणि फोनवर गरजले, "हॅलो बाई! तुमचा माणूस चहा पिऊन राहिला. उन्हातानात फिरतो तो. थोडं थांबा. नाहीतर तुम्हीच या इकडे."

त्या बाई पुढच्या रविवारी खरंच आल्या. भांडायला आल्या होत्या. चहा पिऊन, आल्याचं प्रमाण विचारून गेल्या.

पाळकसाहेबांना लोकांपर्यंत पोहोचायची फार हौस. थंडीत मेडिकलच्या, म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळाच्या, व्हरांड्यात झोपणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना ब्लँकेटं वाटणं त्यांनीच सुरू केलं. मंडळीत शुगर तपासणीचं शिबिर घेतलं. गेटवर 'सर्वांचे स्वागत आहे' असा मोठा निळा बोर्ड लावला. आणि बरोबर त्या बोर्डाखाली काकांचं कुलूप लटकायचं.

"काका, हे बरं दिसत नाही हो," ते एकदा म्हणाले. "वर स्वागत लिहिलंय आणि खाली कुलूप."

"मंग? स्वागतच करून राहिलो ना साहेब. बोर्डावर यायचं लिहिलं आहे. जायचं कुठी लिहिलं आहे?"

धर्मशास्त्र शिकलेल्या पाळकसाहेबांनी बोर्डाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि कप पुढे केला.

असंच चाललं असतं, पण धर्मसुधारणेच्या रविवारी, म्हणजे दारावरच्या त्या कागदाची आठवण करायच्या सणाला, बिशपसाहेब पाहुणे आले. दुपारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. स्टेशनवर नेणारी कार गेटाबाहेर उभी. कमिटीच्या लोकांनी काकांना आदल्या दिवसापासून बजावून ठेवलं होतं. काका "हो जी, हो जी" म्हणत होते. आमेन झालं. खट्.

"बिशपसाहेब असो का कोणी असो. अर्धा कप," काका म्हणाले, आणि पाहुण्यांसाठी चहा खास झाला की नाही ते हुंगायला गंजावर वाकले. खिशातली किल्ली चहात पडली. डुबुक.

 सगळे एकदम बोलले. ओगराळ्याने ढवळून झालं, पण आलं आणि चहापत्तीच्या गाळात किल्ली काही हाती लागेना. कोणीतरी म्हणालं, गंज आडवा करा. काकांनी गंजाला दोन्ही हातांनी आडवं येऊन सांगितलं, "प्रभूच्या अंगणात चहा सांडत नसतात. संपवा!"

मग काय, आम्ही संपवायला लागलो. गायनमंडळ, महिला मंडळ, कमिटी, सगळे फुंकर मारून मारून कपावर कप रिचवत होतो. मला आठवतं, बिशपसाहेब डाव्या हातातल्या घड्याळाकडे पाहत उजव्या हाताने कप पुढे करत होते. बबन तर घसा भाजला तरी थांबेना. एरवी आपापल्या घरच्यांपुरताच घोळका करणारी आमची मंडळी त्या दिवशी गंजाभोवती खांद्याला खांदा लावून उभी होती. तळाशी किल्ली लागली तेव्हा टाळ्या पडल्या. गाडी तेव्हा कुठल्या कुठे गेली होती.

बिशपसाहेब हसले. म्हणाले, इतक्या प्रेमाने मला कधी कोणी कोंडलं नव्हतं. कमिटीला मात्र हसू आलं नाही. बैठक बसली आणि ठरलं, आता गेट उघडं राहील.

कुलूप मागायला पाळकसाहेब स्वतः गेले. काकांनी वाद घातला नाही. रुमालाने कुलूप पुसलं, किल्लीसकट त्यांच्या हातात दिलं.

"तेल देत जा साहेब त्याले मधूनमधून. उन्हाळ्यात जाम होते ते."

पुढच्या रविवारी आमेन झालं आणि खट् झालं नाही. आम्ही सगळे जागच्या जागी थबकलो. पायरी चुकल्यावर होतं तसं काहीतरी झालं. मग एकेक जण निघाला. कोणाला लग्नाला जायचं होतं, कोणाचे पाहुणे होते, कोणाला काहीच नव्हतं पण गेट उघडं होतं. कडुनिंबाखाली आम्ही मोजकेच उरलो. काकांनी कोणालाही हाक मारली नाही. गंज भरलेलाच राहिला.

"घाई असते लोकायले," ते म्हणाले. "बरोबर आहे त्यायचं."

हे ते हळू आवाजात म्हणाले. मी त्यांना हळू बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच्या पुढच्या रविवारी काका आलेच नाहीत. त्यांचा दाराजवळचा बाक रिकामा, गंज पालथा घातलेला. फोन कोणी उचलत नव्हतं. पाळकसाहेबांचं प्रवचन सुरू झालं आणि संपेचना. थांबवणारं कोणी नव्हतं. ते बोलत होते, बोलत होते, आणि डोळे सारखे खिडकीतून कडुनिंबाकडे जात होते. शेवटी एका वाक्याच्या मध्येच ते थांबले.

"आलं कुटायचा आवाज नाही आला आज," ते म्हणाले. एवढं म्हणून त्यांनी प्रवचनाची पानं मिटली.

आशीर्वाद झाला. आमेन झालं. गेट सताड उघडं होतं आणि कोणी हललं नाही. माझ्या शेजारची अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणारी रूथ, जी एरवी आमेनच्या 'न'ला पर्स उचलते, तीही बसून होती.

"गृहभेटीला जाऊ या," पाळकसाहेब म्हणाले. "पण रिकाम्या हाताने नको."

महिला मंडळाने गंज चुलीवर चढवला. आलं मी कुटलं. प्रेशर आलं की नाही यावर बराच वाद झाला. मग बबनने गंज ऑटोत मागच्या सीटवर बसवला, दोघी बायका त्याला धरून बसल्या, आणि आम्ही बाकीचे रविवारच्या कपड्यांत, झगा घातलेल्या पाळकसाहेबांच्या मागून, ऑटोच्या चालीने चालत निघालो. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. मिरवणूक म्हणावी तर वाजंत्री नाही.

काका रेल्वे लाइनीपलीकडच्या एका बैठ्या घरात एकटे राहतात. पुढे छोटं अंगण, त्याला हातभर उंचीचं गेट. दारात बनियनवर बसले होते. आम्हा सगळ्यांना पाहून चटकन उठले, चेहरा उतरला. सगळी मंडळी एकदम कोणाच्या घरी जाते, ती एकाच कारणासाठी.

"कोण वारलं?"

"कोणी नाही वारलं, काका," पाळकसाहेब म्हणाले. "चहा आणलाय."

आम्ही सगळे आत शिरलो. जागा होती तेवढ्यात मावलो, नव्हती तिथेही मावलो. शेवटी पाळकसाहेबांनी झग्याच्या खिशातून तेच कुलूप काढलं आणि त्या चिमुकल्या गेटला आतून लावलं. खट्. ते गेट कोणीही पाय टाकून ओलांडलं असतं.

मी कप आणायला स्वयंपाकघरात गेले. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला आणि एक कप. बस. साखरेचा डबा शोधला, नव्हता. चहापत्ती नव्हती. एवढ्या वर्षांत ज्यांनी आम्हाला चहा पाजून पाजून जेरीस आणलं, त्यांच्या घरात चहाच नव्हता.

"काका, तुमच्याकडे चहापत्ती नाही?"

"घरी नाही करत वं मी," ते दारात येऊन म्हणाले. "एकट्यासाठी काहून भांडं घासायचं? रविवारी पेतो ना तुमच्यासंगं."

मी कप हातात घेऊन उभी राहिले.  तेच पुढे बोलले.

"आमची घरवाली सुलोचना गेली अन् मी खापरखेडा सोडून इथी आलो. लय रविवार शेवटच्या बाकावर बसलो. आमेन झालं का सारे भुर्र. नाव विचारायले कोणी थांबेना. मी येतो हे एका देवालेच ठाऊक होतं." त्यांनी मांडणीवरची वाटी सरळ केली. "मंग एक दिवस बाजारातून कुलूप आणलं."

मला रडू आलं. आलं ते लपवलंही नाही. काका गोंधळले, म्हणाले, "आता तू काहून रडतं? मटण करपलं का?" आणि मी रडता रडता हसले.

कपांचा प्रश्न शेजाऱ्यांनी सोडवला. एवढी गर्दी पाहून भिंतीवरून एक बाई डोकावल्या, "काय झालं जी यायच्या घरी?" काही झालं नाही, चहा आहे, असं कळल्यावर त्या पेले घेऊन आल्या. पलीकडचे कुलकर्णी वाट्या घेऊन आले. इतकी वर्षं शेजारी राहून काकांचं नाव त्यांना त्या दिवशी कळलं. तेही गेट ओलांडून आत आले आणि रीतसर अडकले. मग कोणीतरी गीत धरलं, रूथ आणि मी आमचा खालचा सूर लावला, कुलकर्ण्यांनी टाळ्यांचा ताल दिला. बबन वाढप करत होता. त्या अंगणात इतका गलका उठला, की जाणाऱ्या मालगाडीचा आवाजही ऐकू आला नाही.

काकांनी पहिला घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या मिशीकडे पाहत होतो.

"आलं कमी आहे," ते म्हणाले. त्यांच्या नेहमीच्या आवाजात. शेजारच्या गल्लीतही कळलं असेल की आलं कमी आहे.

मग कप खाली ठेवून ते उठले आणि गेटाकडे निघाले. गाणं थांबलं. आम्हाला वाटलं, आता किल्ली मागणार, पुरे म्हणणार. पाळकसाहेबांचा हात खिशाकडे गेलाही. काकांनी वाकून कुलूप हातात घेतलं, दोनदा जोरात ओढून पाहिलं.

"असं ओढून पाहायचं असते, साहेब," ते म्हणाले. "नुसतं लावून होत नाही."

कुलूप पक्कं लागलं होतं. ते परत येऊन आमच्यात बसले, रिकामा कप बबनपुढे धरला आणि सगळ्यांकडे पाहत विचारलं, "आता सांगा. कोणाले घाई आहे?"

माझं मटण घरी मसाल्यात तसंच पडलं होतं. मी हात वर केला नाही.